जाहिजचा डार्विन कशाला करायचा?

गेली काही वर्षे मुस्लिम वाचकांच्या मोबाइलवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. डार्विनच्या हजार वर्षे आधी बसऱ्याच्या अल-जाहिज या विद्वानाने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला होता, असे त्यात सांगितलेले असते. सोबत जाहिज यांचे म्हणून एक अवतरणही असते. जगण्याचा संघर्ष, परिस्थितीशी जुळवून घेणे, टिकलेल्यांनी आपले गुण पुढच्या पिढीला देणे, अशी त्याची भाषा. नवव्या शतकातला अरबी लेखक असे लिहील का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खाली माशाल्लाह, सुब्हानल्लाह येतात आणि मजकूर पुढच्या गटात जातो.

गंमत अशी की, हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत असेही लोक असतात, जे एरवी डार्विनचे नाव काढले तरी नाराज होतात. म्हणजे सिद्धांत इंग्रजाने सांगितला तर ईमानला धोका आणि आपल्या माणसाने सांगितला तर अभिमान! दुसऱ्या बाजूलाही हेच चालते. दशावतार म्हणजेच उत्क्रांती, असा मजकूर तिकडे फिरतो. दोन्हीकडे पूर्वजांचे नाव मोठ्याने घेतले जाते आणि त्यांनी नेमके काय लिहिले, ते वाचायचे राहून जाते.

जाहिज यांना डार्विन ठरवण्याने त्यांचा सन्मान होत नाही, असे मला वाटते. त्यांनी जे खरोखर केले, ते या दाव्याखाली झाकले जाते. ते काय होते आणि त्यातून पुढे काय आले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. या हकिकतीचा एक धागा बसऱ्याहून निघून थेट आपल्या कोकणात, अलिबाग तालुक्यात येतो.

अबू उस्मान अम्र इब्न बहर हे त्यांचे नाव. डोळे बाहेर आलेले, म्हणून लोक त्यांना जाहिज म्हणत आणि तेच नाव इतिहासात राहिले. जन्म इसवी सन 776 च्या सुमारास बसऱ्यात. आजोबा काळ्या वर्णाचे होते आणि उंट हाकण्याचे काम करत, असे चरित्रकार सांगतात. घरची गरिबी होती. तरुणपणी त्यांनी बसऱ्याच्या कालव्याकाठी भाकरी आणि मासे विकले. वाचनाचे वेड असे की, ते पुस्तकविक्रेत्यांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेत आणि आत बसून वाचत. पुढे मुअतजिला पंथाचे विचारवंत अन-नज्जाम यांच्याकडे ते शिकले. बुद्धीने तपासून घेतल्याशिवाय काही मानायचे नाही, हा या पंथाचा आग्रह होता. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये त्यांचे नाव झाले. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यावरही ते लिहीत राहिले. 868-69 च्या हिवाळ्यात, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचे बसऱ्यात निधन झाले. पुस्तकांचा ढीग अंगावर कोसळून ते गेले, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, त्यांच्या आयुष्याला शोभते खरी.

'किताब अल-हयवान' म्हणजे 'प्राण्यांचा ग्रंथ' हे त्यांचे सर्वांत मोठे काम. त्याचे सात भाग आहेत. साडेतीनशेच्या आसपास प्राण्यांचा त्यात उल्लेख येतो. हे आजच्या अर्थाने विज्ञानाचे पुस्तक नाही. त्यात अरबी कविता आहे, कुरआनच्या आयतींवरची चर्चा आहे, विनोद आहेत, बाजारगप्पा आहेत. सुरुवातीचा मोठा भाग तर कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा, या वादात गेला आहे. दोन शिकलेली माणसे एवढ्यावर वाद घालतात, याची कोणी टवाळी केली तर त्याचे उत्तरही जाहिज तिथेच देतात. कुत्र्याची बाजारात किंमत काय किंवा कोंबडा दिसतो कसा, याची ही चर्चा नाही. या क्षुद्र वाटणाऱ्या जीवांत अल्लाहने काय ठेवले आहे, ते शोधायचे आहे. कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये (आयत 38) जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना माणसांसारख्याच 'उम्मती' म्हटले आहे. जाहिज यांनी प्राण्यांकडे याच नजरेने पाहिले. त्यांचे समाज कसे चालतात, कोण कोणावर जगतो, कोण कोणाला भितो, हे त्यांनी पाहिले आणि विचारले.

याचा पहिला धडा त्यांना मासळीबाजारातच मिळाला असावा. ठराविक महिन्यांत काही मासे समुद्रातून दजला नदीत वर चढतात आणि बसऱ्याच्या बाजारात येतात. हंगाम सरला की ते दिसेनासे होतात. कोणता मासा कधी येतो आणि कधी जातो, हे त्यांनी ग्रंथात नोंदवले आहे. त्यांनी उल्लेखलेला 'अस्बूर' आजही बसऱ्यात 'सबूर' म्हणून विकला जातो. बंगालमधला इलिश आणि सिंधमधला पल्ला तो हाच. मासे विकणारा मुलगा पुढे विद्वान झाला, तेव्हा बाजारातले ज्ञान त्याने कमी दर्जाचे मानले नाही. जाहिज कोळी, पारधी, कबुतरे पाळणारे, साप पकडणारे यांना जाऊन प्रश्न विचारत आणि त्यांचे बोलणे ग्रीक विद्वानांच्या शेजारी नोंदवत.

आता ज्या उताऱ्यावरून त्यांना डार्विन ठरवले जाते, त्याकडे वळू. आशय साधारण असा आहे. उंदीर अन्नाच्या शोधात बिळाबाहेर पडतो. आपल्याहून दुबळे छोटे जीव आणि पाखरे तो खातो. मात्र बाहेर पडताना साप आणि शिकारी पक्षी आपल्यावर टपलेले आहेत, हे त्याला ठाऊक असते. सापावरही कोणीतरी टपलेले असतेच. प्रत्येक दुबळा आपल्याहून दुबळ्याला खातो आणि प्रत्येक बलवान आपल्याहून बलवानाच्या तावडीत सापडतो. माणसेही याला अपवाद नाहीत. दुसरीकडे ते डासाविषयी लिहितात. रक्त हेच आपले अन्न आहे, हे डासाला न शिकवता कळते. हत्तीची कातडी कितीही जाड असली तरी ती आपल्या सोंडेने भेदता येईल, हेही त्याला कळते. या डासाची शिकार माशी करते आणि माशीची शिकार करणारेही आहेतच. ही साखळी देवाच्या व्यवस्थेचा भाग आहे, असे जाहिज म्हणतात. एकाचे मरण हे दुसऱ्याच्या जगण्याचे कारण ठरते.

आज शाळेच्या पुस्तकात याला अन्नसाखळी म्हणतात. नवव्या शतकात एक लेखक जगाकडे सुट्या सुट्या प्राण्यांची यादी म्हणून न पाहता एकमेकांत गुंतलेल्या जीवांचे जाळे म्हणून पाहतो, हे खरोखर मोठे आहे. पण ही उत्क्रांती नाही. कोण कोणाला खातो, हा एक प्रश्न. आज आहेत त्या जाती कशा तयार झाल्या, हा दुसरा. डार्विन यांनी 1859 मध्ये दुसऱ्याचे उत्तर दिले. जाहिज यांचा उतारा पहिल्याविषयी आहे.

दोघांमधला फरक त्यांच्याच एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. 'काळ्यांचा गोऱ्यांवरील अभिमान' अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा एक छोटा ग्रंथ आहे. काळ्या माणसांना हिणवणाऱ्या अरबांना त्यात उत्तर दिले आहे. काळा रंग म्हणजे शाप किंवा शिक्षा, ही समजूत त्या काळीही होती. जाहिज ती साफ नाकारतात. हिजाजमध्ये बनू सुलैम टोळीच्या मुलखात ज्वालामुखीच्या काळ्या खडकांचे पठार आहे. तिथे राहणारी माणसे काळी, आणि तिथली हरणे, शहामृग, कोल्हे, मेंढ्या, गाढवे, पक्षी सारेच काळे, असे ते सांगतात. काळ्या केसांतली ऊ काळी असते, पांढऱ्या केसांतली पांढरी असते, हा त्यांचा दुसरा दाखला. रंग त्या त्या जमिनीचा आणि पाण्याचा परिणाम आहे. त्यात अल्लाहचा कोप नाही आणि कोणाचा कमीपणाही नाही. हा माणूस उंट हाकणाऱ्या काळ्या आजोबांचा नातू होता, हे लक्षात ठेवून हे वाचले पाहिजे. निसर्गाचे निरीक्षण त्यांनी इथे माणसाच्या प्रतिष्ठेसाठी वापरले. वर्ण आणि जन्म यांवरून माणसाला तोलणाऱ्या आपल्या समाजाला हे आजही ऐकवण्यासारखे आहे.

तरीही रंग कसा येतो, याचे त्यांचे उत्तर अपुरे होते. जमीन काळी म्हणून अंग काळे, एवढ्यावर ते थांबले. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात लाव्हाच्या काळ्या खडकांवर एका जातीचे छोटे उंदीर राहतात. खडकावरचे बहुतेक गडद रंगाचे आणि शेजारच्या वाळूवरचे फिकट. दृश्य अगदी जाहिज यांच्या पठारासारखे. पण खडकाने उंदरांना रंगवलेले नाही. पिल्लांत काही फिकट, काही गडद जन्मतात. काळ्या खडकावर फिकट उंदीर घुबडासारख्या शिकाऱ्यांना लगेच दिसतो आणि मारला जातो. गडद उंदीर वाचतो आणि त्याची पिल्लेही बहुधा गडद निघतात. अशा अनेक पिढ्या गेल्या की खडकावर गडदच उरतात. या रंगामागचे जनुकही 2003 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. जन्मजात फरक, त्यातून होणारी निवड आणि पिढ्यान्पिढ्यांचा काळ, ही डार्विन यांची भर आहे. ती जाहिज यांच्या खात्यावर जमा करणे म्हणजे हिशेबात खोट करणे आहे.

मग जाहिज यांचे खरे मोठेपण कशात? माझे उत्तर आहे, शंका घेण्याच्या शिस्तीत. त्यांचे गुरू नज्जाम यांनी वेगवेगळ्या प्राण्यांना दारू पाजून कोणाला कशी चढते, ते पाहिले होते. जाहिज ती हकिकत सांगतात. विंचू आणि उंदीर एका काचेच्या भांड्यात कोंडले तर उंदीर आधी विंचवाची नांगी कुरतडतो, हेही ते नोंदवतात. ॲरिस्टॉटलचा ते आदराने उल्लेख करतात, पण त्याच्या एखाद्या विधानाला पुरावा दिसला नाही तर तसे लिहायला कचरत नाहीत. शंका कुठे घ्यावी आणि कुठे घेऊ नये, हेही शिकावे लागते, असे त्यांचे सांगणे आहे. याच काळात, याच अब्बासी राज्यात, इमाम बुखारी (मृत्यू 870) हदीस गोळा करत फिरत होते. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, सांगणारा भरवशाचा आहे का, असे प्रत्येक कथनाबाबत विचारले जात होते. ऐकीव गोष्ट तपासूनच घ्यायची, ही त्या युगाची सवय होती. धर्मशास्त्रात ती होती, तशी प्राण्यांविषयीच्या लिखाणातही उतरली.

या सवयीचा फटका खुद्द जाहिज यांनाही बसला, आणि इथून आपली गोष्ट कोकणाकडे वळते.

गेंड्याविषयी जाहिज यांनी एक अजब कथा नोंदवली होती. गेंड्याची मादी सात वर्षे गाभण असते. दिवस भरत आले की पिल्लू पोटातून डोके बाहेर काढून चरते आणि पुन्हा आत जाते! भारतातून आलेली ही गोष्ट त्यांनी नवल म्हणून लिहिली. गेंडा पाहायला ते कधी भारतात आले नव्हते.

त्यांच्या निधनानंतर सुमारे अर्ध्या शतकाने बगदादचे अल-मसूदी भारताच्या किनाऱ्यावर आले. इतिहासकार आणि भूगोलकार म्हणून त्यांचे नाव मोठे आहे. हिजरी सन 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916-17 मध्ये, ते सैमूर बंदरात होते. सैमूर म्हणजे आपले रायगड जिल्ह्यातले चौल. हा मुलूख तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. अरब लेखक राष्ट्रकूट राजाला 'बल्हरा' म्हणत. चौलमध्ये सुमारे दहा हजार मुस्लिम राहतात, असे मसूदींनी लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन वसलेले व्यापारी त्यांत होते, तसेच इथेच जन्मलेले मुस्लिमही होते. कोकणातल्या मुस्लिमांच्या इतिहासात ही नोंद नेहमी सांगितली जाते. मसूदींचे गेंड्याविषयीचे लिखाण मात्र फारसे कोणी सांगत नाही.

'मुरूज अज-जहब' म्हणजे 'सोन्याची कुरणे' या आपल्या ग्रंथात मसूदी लिहितात की, जाहिज यांचे वर्णन वाचून त्यांना राहवले नाही. भारतात ये-जा करणाऱ्या सिराफ आणि ओमानच्या लोकांना, भारतात भेटलेल्या व्यापाऱ्यांना त्यांनी याबद्दल विचारले. ऐकणारा प्रत्येक जण थक्क झाला. गेंडा गाई-म्हशींसारखाच गाभण राहतो आणि वितो, असे सर्वांनी सांगितले. जाहिज यांना ही कथा कुठल्या पुस्तकात मिळाली की कोणी सांगितली, असा प्रश्न मसूदी करतात. दुसऱ्या एका ठिकाणी ते जास्त कठोर होतात. सिंधू नदीत मगरी आहेत, त्या अर्थी ती नाईलचाच भाग असावी, असा तर्क जाहिज यांनी केला होता. जो कधी समुद्रावर गेला नाही आणि ज्याने पुस्तकविक्रेत्यांच्या पोथ्यांतून उतरवून घेतले, त्याची अशीच चूक होणार, असा मसूदींचा शेरा आहे.

मसूदींचे उत्तरही पूर्ण बरोबर नव्हते. गाय नऊ महिन्यांनी विते, म्हैस दहाच्या पुढे आणि गेंड्याची मादी सुमारे पंधरा-सोळा महिन्यांनी. पण सात वर्षांच्या कथेपेक्षा ते सत्याच्या खूप जवळ होते. ते जवळ आले, कारण मसूदींनी तिथल्या माणसांना विचारले. ज्याला मोठा मानले त्याचीही चूक दाखवायला ते घाबरले नाहीत. आणि त्यामुळे जाहिज यांचा ग्रंथ कोणी टाकून दिला नाही. तो हजार वर्षांनंतरही वाचला जातो.

चौलपासून काही कोसांवर, त्याच अलिबाग तालुक्यात किहीम आहे. 1930 च्या पावसाळ्यात तिथे मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातले एक चौतीशीचे गृहस्थ सुगरण पक्ष्यांचे खोपे न्याहाळत बसले होते. जर्मनीत शिकून आले होते, पण नोकरी गेली होती. त्यांचे नाव सलीम अली. मराठीत 'सुगरण' हा शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे खोपा मादी विणते, अशी आपली सहज समजूत होते. विणकाम खरे तर नराचे. सलीम अलींनी किहीममध्ये त्यापुढचा सगळा व्यवहार टिपला. नर खोपा अर्धा विणून ठेवतो. मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडला तर राहते. मग नर खोपा पूर्ण करतो. ती अंडी उबवायला बसली की तो जवळच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. 1931 मध्ये हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सलीम अलींचे नाव जगभर झाले. एका जागी बसून, दिवसेंदिवस पाहून, त्यांनी ही गोष्ट सिद्ध केली होती.

याच सलीम अलींच्या बाबतीत पुढे एक चूक झाली. राजस्थानातले भरतपूरचे पाणथळ पक्ष्यांसाठी राखावे, म्हणून त्यांनी मोठी धडपड केली. तिथे आजूबाजूच्या गावांच्या म्हशी चरत. त्या पक्ष्यांना त्रासदायक आहेत, त्यांना बंदी करावी, असे त्यांचे आणि इतर तज्ज्ञांचे मत होते. 1982 मध्ये बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकरी मारले गेले. बंदीनंतर जे झाले, ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. म्हशी खात असलेले पाणगवत बेसुमार वाढले. उघडे पाणी झाकले जाऊ लागले आणि पाणपक्ष्यांची संख्या घटली. म्हशी त्या जाळ्याचाच भाग होत्या. गवत म्हशीमुळे आटोक्यात, गवत आटोक्यात म्हणून पाणी मोकळे, आणि पाणी मोकळे म्हणून पक्षी. हे दाखवून दिले, ते सलीम अलींच्याच संस्थेने केलेल्या सुमारे दहा वर्षांच्या अभ्यासाने. 1987 मध्ये ते वारले, निष्कर्ष त्यानंतर आला. त्यांच्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो दडपला नाही.

गावकऱ्यांना मात्र कोणी आधी विचारले नव्हते. जाहिज कोळ्यांना आणि पारध्यांना विचारत होते, मसूदी व्यापाऱ्यांना आणि खलाशांना. भरतपूरला म्हशी राखणाऱ्यांना विचारले असते तर कदाचित काही जीव वाचले असते. निसर्गाविषयीचा चुकीचा समज निव्वळ कागदावर राहत नाही, त्याची किंमत कोणीतरी मोजतो आणि बहुतेक वेळा तो गरीब असतो.

म्हणून जाहिज यांच्या नावाने फिरणारा तो मजकूर मला निरुपद्रवी वाटत नाही. आपल्या मुलांना तो एवढेच शिकवतो की, सगळे काही आपल्या पूर्वजांनी आधीच शोधले आहे, आता फक्त अभिमान बाळगायचा. जाहिज ते मसूदी हा प्रवास नेमके उलटे शिकवतो. पूर्वजाने शोधले, त्यात चूक राहिली, मागून आलेल्याने ती चौलच्या किनाऱ्यापर्यंत येऊन दुरुस्त केली आणि आपल्यासाठीही काम शिल्लक ठेवले.

ते काम आपल्या दाराशीच आहे. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, रत्नागिरीकडच्या आपल्या कितीतरी घरांमागे खाडी आहे, कांदळवन आहे. तिथे कोणता मासा कोणत्या महिन्यात वर चढतो? कोणता पक्षी कधी येतो? भराव पडला, बंधारा झाला, तेव्हापासून काय दिसेनासे झाले? कोळणींना, शेतकऱ्यांना, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यातले पुष्कळ ठाऊक असते. मुलांना एक वही द्यावी आणि त्यांना विचारायला पाठवावे. आलेले उत्तर दुसऱ्या दोघांना विचारून तपासायला सांगावे. त्या वहीत खाडाखोड झाली तर होऊ द्यावी.